दोघींच्या नावावरचं घर

मी आयुष्यात फार कुणावर जळले नाही. माझ्यापेक्षा कमी शिकलेली बाई आमच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, तेवढंच. पण निवृत्त झाल्यावर, साठीला दीड वर्ष असताना, मी एका तूरडाळीच्या व्यापाऱ्यावर अशी जळले की त्यात आमचं राहतं घर गेलं. कुणी पेटवलं नाही, कुणी फसवलं नाही. मीच घालवलं. सोलापुरात मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, व्यवहार मला कळतो असा माझा भ्रम होता.

घर म्हणजे विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. माझा आणि तिचा. ती नर्स, मूळची मैंदर्गीची. घरात कानडी, दारात मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. तिचंही लग्न झालेलं नव्हतं, माझंही नव्हतं. तिचं का झालं नाही हे ती सांगायची नाही, माझं का झालं नाही हे मला विचारायची कुणाची टाप नव्हती.

आमची ओळख भाड्याच्या खोल्यांमुळं झाली. एकाच म्हाताऱ्या बाईंच्या घरात एक खोली माझी, शेजारची तिची. बाईंच्या मुलानं घर पाडून बिल्डिंग बांधायचं काढलं आणि आम्ही दोघी खोली शोधत उन्हातान्हात फिरायला लागलो. जिथं जावं तिथं तेच. एकटीच का? मिस्टर कुठं असतात? रात्री किती वाजता येता? नर्स म्हटल्यावर तर घरमालकिणी अशा बघायच्या, जसं काही ही रात्रपाळीला चोऱ्या करायला जाते. आठव्या की नवव्या घरातून बाहेर पडल्यावर माझी सटकली. मी म्हटलं, "बास झालं. आपणच घर घेऊ. तुझा पगार, माझा पगार. बँक काय दोघींना मिळून कर्ज देणार नाही होय?"

बँकेनं दिलं. पण बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाला चैन पडेना. "दोघींच्या नावावर? तुमचं नातं काय, मॅडम?" मी उत्तर शोधत होते, तोवर हिनं डोळ्याची पापणी न हलवता सांगून टाकलं, "मावसबहिणी. ही माझी अक्का." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, खोटं कशाला?" तर म्हणते, "अय्यो, त्याच्या बापाचं काय गेलं? आता बघ, चहा मागवील तो." आणि खरंच, पुढच्या वेळी त्यानं चहा मागवला.

खरेदीखतात नातं लिहावं लागलं नाही. दोन नावं, निम्मा-निम्मा हिस्सा, एवढंच. पण सोसायटीत मात्र आम्ही मावसबहिणी म्हणूनच राहायला गेलो आणि बावीस वर्षं मावसबहिणी राहिलो. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, तुमच्या आया कुठल्या, किती भावंडं. मग आम्ही बसून नसलेल्या मावश्या तयार केल्या. एकीला सांधेदुखी दिली, एकीला शुगर दिली. एकीला शेवटी मारलंसुद्धा, कारण सोसायटीचं सेक्रेटरीपण माझ्या गळ्यात पडायला लागलं होतं आणि मला घरी सुतक हवं होतं. लोक भेटायला आले. ही इतकी छान रडली की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मला ती मावशी आठवायलाच लागली. तिच्या हातची शेंगाचटणी आठवायची. असं खोटं फार दिवस बोललं की ते घरातल्या भांड्यांसारखं होतं, आपलंच वाटतं.

आमच्यात काय होतं, ते सांगायला माझ्याकडं शब्द नाही आणि मी कधी शोधलाही नाही. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तिची रात्रपाळी असली की मी भरायची, माझे पेपर तपासायचे असले की ती भरायची. तिला पंखा पाचावर लागायचा, मला दोनवर, म्हणून बेडरूम वेगळ्या. सकाळी ती ड्यूटीवरून आली की मी माझा शाळेचा डबा भरत असायची आणि आम्ही दहा मिनिटं ओट्याशी उभ्या राहून चहा प्यायचो. दिवसातली तेवढी दहा मिनिटं माझी होती. ती कुणी घेईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

त्या डाळीच्या व्यापाऱ्याची आई हिच्या वॉर्डात तीन आठवडे होती. खुब्याचं हाड मोडलेलं. म्हातारी बरी होऊन गावी, दुधनीला गेली आणि महिन्याभरानं हा माणूस तूरडाळीची पिशवी घेऊन आमच्या दारात उभा. "सिस्टर हायत का? आईनं डाळ पाठवलीया." पासष्टीच्या आतबाहेर, पांढरा शर्ट, बायको जाऊन सहा-सात वर्षं झालेली, मुलगा आडतीचं दुकान सांभाळतो. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला. डाळ शिजवली आणि मूर्खासारखी वर म्हटलं, "काय गं, डाळ लई चांगली आहे!" दुसरी पिशवी आली, तिसरी आली. दोन बायकांना वर्षाला डाळ लागते किती? गणिताची बाई मी, चौथ्या पिशवीला तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

तो हिला सिस्टर म्हणायचा, अहो-जाहो करायचा. ते चाललं. पण तिसऱ्या खेपेला तो मला म्हणाला, "अक्का, तुमी पण कदी या की दुधनीला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्का? तुझी कोण अक्का? बावीस वर्षांत मला अक्का म्हणणारं एकच माणूस होतं. शाळेत मी बाई, सोसायटीत मी मॅडम, माझ्या सख्ख्या भावाच्या घरी मी आत्या. हा शब्द फक्त तिचा होता आणि ह्यानं तो खुंटीवरच्या टॉवेलसारखा न विचारता उचलला.

पाणी यायच्या दिवशी तिनं मला सांगितलं. मी पिंपात पाइप धरून उभी, ती मागं दारात. "अक्का, मी लग्न करते म्हणते." पिंप भरून वाहायला लागलं तरी मी नळ बंद केला नाही. तिनंच येऊन केला. मी म्हटलं, "कर की. मला काय विचारतेस? मी काय तुझी सासू?" आणि दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते असं, "ह्या वयात शोभतं का?" ती म्हणाली, "न शोभायला मी काय फ्रॉक घालून बोहल्यावर चढणार हाय? कोर्टात सही करणार." मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

मी त्याच्यात खोट शोधायला लागले. तंबाखू खातो का, नाही. दात खराब असतील, तर मेले माझ्यापेक्षा चांगले. जेवताना आवाज करत असेल म्हणून मी त्याला मुद्दाम आमटीभात वाढला. आवाज नाही. आमच्या बाथरूममधला फ्लश वर्षभर गळत होता, तो त्यानं एकदा खिशातल्या पकडीनं पाच मिनिटांत बसवला. तो गेल्यावर मी चार वेळा साखळी ओढून बघितलं, कुठं थेंब तरी पडतो का. नाही पडला. मी त्या दिवशी संडासात उभी राहून रडले, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

मला हेवा वाटत होता. साधा, सरळ, पोटात दुखणारा हेवा. तिचा नाही, त्याचा. तिच्या सकाळच्या चहाला तो असणार, मी नसणार.

आणि मग तिनं एक दिवस मला गार केलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "अक्का, हे घर तू ठेव. माझा अर्धा हिस्सा तुला बक्षीस करून देते. मला पैसे नकोत." मी वरवर म्हटलं, "मी काय भिकारीण आहे?" पण आत लाडू फुटत होते. म्हणजे माझं काहीतरी आहे. त्याला ती डाळीच्या बदल्यात मिळाली, पण घर मला देऊन चालली. मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

कागद करायच्या आधी टॅक्सचं विचारावं म्हणून आम्ही एका सीएकडं गेलो. सीए म्हणजे माझीच विद्यार्थिनी. नववीत अपूर्णांकांना रडायची, आता दुसऱ्यांचे हिशेब करते. मी आत गेले तशी उभी राहिली. "बसा, बाई." सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, बक्षीस मिळालेल्या घरावर टॅक्स लागतो की नाही, ते देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं काय त्यावर आहे. तुमचं काय नातं?"

"मावसबहीण," मी लगेच सांगितलं.

"मग अडचण आहे. मावसबहीण यादीत नाही."

"कसली यादी?"

"कायद्यातली नातेवाइकांची यादी असते, बाई. नवरा-बायको, सख्खी भावंडं, आईवडील, मुलं. मावशी आहे. मावशीची मुलगी नाही."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. "मावशी आहे आणि मावशीची मुलगी नाही? हा कुठला न्याय? कुणी केला हा कायदा, त्याला मावशी नव्हती काय? अगं, आमच्या आया एका ताटात जेवल्यात. मावशीचं शेवटचं दुखणं हिनं काढलंय, हिनं! हगणं-मुतणं! आणि तू मला सांगतेस यादीत नाही?" मी टेबलावर हात आपटला. सीएच्या समोरचं पाणी सांडलं. बाहेर बसलेली माणसं आत डोकवायला लागली.

हिनं माझ्या दंडावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "अक्का. आपण मावसबहिणी न्हाय."

मी थांबले. खरंच की. आम्ही मावसबहिणी नव्हतो. कुठली मावशी, कुठलं ताट! जी बाई जन्मालाच आली नाही तिच्या दुखण्यावरून मी एका पोरीला फाडून खात होते. सीए बिचारी खाली मान घालून कागद पुसत होती. हसू दाबत होती की काय, देव जाणे.

"मग आम्ही कोण?" मी विचारलं.

"कायद्याला तुम्ही सहमालक, बाई."

"एवढंच?"

"एवढंच." मग तिनं समजावलं. नात्याबाहेरच्या माणसाकडून घर फुकट मिळालं, तर त्याची सरकारी किंमत घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. म्हणजे अर्ध्या फ्लॅटची किंमत माझ्या पेन्शनवर येऊन बसणार आणि त्यावर मी टॅक्स भरणार. तेवढी रोकड माझ्याकडं नव्हती. तिचा हिस्सा विकत घ्यावा, तर त्याहून नव्हती.

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. पण पोटात जळत होतं. मी विचारलं, "आणि समजा हिनं लग्नानंतर हा हिस्सा नवऱ्याला दिला तर?"

"नवऱ्याला दिला तर टॅक्स नाही."

"किती वर्षं संसार झालेला लागतो?"

"वर्षं कसली, बाई? लग्न झालं की झालं. दुसऱ्या दिवशी दिला तरी चालतो."

एक दिवस! मी बावीस वर्षं तिचे रात्रपाळीचे कपडे वाळत घातले, टायफॉइडमध्ये तिच्या उशाशी बसले, तिच्या भावानं शेताच्या उताऱ्यावरून तिचं नाव काढलं तेव्हा मैंदर्गीला जाऊन त्याच्याशी भांडले. मी कोण, तर सहमालक. आणि हा चार पिशव्या डाळ घेऊन आला, उद्या सही करील आणि परवापासून नातेवाईक. तो यादीत पहिला आणि माझा पत्ताच नाही.

सीए भली पोर. म्हणाली, "बाई, काहीच करू नका ना. मालकी आहे तशी राहू दे. तुम्ही राहा तिथं. सिस्टरनी त्यांच्या हिश्श्याचं मृत्युपत्र तुमच्या नावे करून ठेवावं. मृत्युपत्रानं मिळालेल्या घरावर टॅक्स नसतो, तिथं नातं कुणी विचारत नाही."

"झालं की मग," ही म्हणाली. तोंडावर अगदी सुटल्यासारखं. "तसंच ठेवू, अक्का. तू राहा. मी येत-जात जाईन."

शहाण्या बाईनं इथं हो म्हणून घरी जायचं. पण मला एकच ऐकू आलं. ही मेली, म्हणजेच मी हिची कोणीतरी. जिवंतपणी नवरा आणि मेल्यावर मी. मी उठून उभी राहिले. "काही नको. विकून टाकू. मला कुणाच्या बायकोची भागीदारीण होऊन अर्ध्या घरात राहायचं नाही."

"अक्का, घाई नको."

"तुला झाली ती घाई नाही, आणि मला झाली की घाई?"

सीएनं दोघींकडं बघितलं आणि मग विक्रीचा हिशेब सांगायला लागली. घर दोघींचं असलं तरी टॅक्स दोघींचा वेगळा. विक्रीचे अर्धे पैसे हिचे, अर्धे माझे, त्यातून आपापल्या हिश्श्याची खरेदीची किंमत आणि घराला केलेला पक्का खर्च वजा, उरला तो नफा, आणि त्या नफ्यावर टॅक्स. घर जुनं म्हणून तो दोन पद्धतींनी काढता येतो, कमी येईल तो भरायचा. दोन वर्षांत ज्यानं त्यानं आपल्या नफ्यातून दुसरं राहतं घर घेतलं, तर टॅक्स माफ. तोवर पैसे बँकेतल्या त्यासाठीच्या खास खात्यात ठेवायचे. मी विचारलं, "आम्ही नवरा-बायको असतो तर?" ती म्हणाली, "तरी असंच, बाई. दोन हिस्से, दोन रिटर्न." त्या दिवशी मला तेवढाच एक नियम न्यायाचा वाटला.

निघताना सीएनं मला बाजूला घेतलं. "बाई, सिस्टरना सांगा, दुधनीला घर घेतील ते त्यांच्या स्वतःच्या नावावर घ्यायला हवं. नवऱ्याच्या नावावर घेतलं तर सूट मिळायला भांडावं लागेल."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! हत्यारच मिळालं. दुधनीचा व्यापारी माणूस, बायकोच्या पैशानं घर होतंय आणि नाव बायकोचं, हे त्याच्या घशाखाली उतरणार कसं? मुलगा, सून, भाऊबंद गप्प बसतील? लग्न मोडेल, अगदी मोडेल. मी रविवारी त्याला जेवायला बोलावलं. हो, मी स्वतः बोलावलं. पुरणपोळी केली. दुसरी पोळी वाढताना सहज म्हणावं तसं म्हटलं, "ते नव्या घराचं, बरं का, हिच्या एकटीच्या नावावर करावं लागतंय. कायदाच तसा आहे. तुमचं नाव नाही लागणार."

त्यानं घास खाली ठेवला. मी मनात म्हटलं, आता!

"व्हय की," तो म्हणाला. "पैसा त्यांचा, मग नाव दुसऱ्या कुणाचं लावायचं? मी तर म्हनलं तुमी दोगींच्या नावावर घ्या, अक्का. मला काय, छप्पर लागतं." आणि पुन्हा जेवायला लागला. वर तूप मागितलं.

मी त्याच्या पोळीवर दोन चमचे तूप ओतलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

गिऱ्हाईक महिन्याभरात मिळालं. चिंचोळी एमआयडीसीत दोघं नोकरीला असलेलं तरुण जोडपं. ती पोरगी माझ्या खोलीत उभी राहून पाळणा कुठं बसेल ते बघत होती. मी किमतीत घासाघीस केली नाही. मला लवकर संपवायचं होतं. ही प्रत्येक वेळी विचारायची, "अक्का, नक्की ना?" आणि मी म्हणायची, "एकदा सांगितलं ना!" तिनं तीन वेळा विचारलं. मी मोजलंय.

निबंधक कार्यालयात आम्ही सकाळपासून बसलो होतो. फोटो झाले, अंगठे झाले, सह्या झाल्या. शिपायानं आमची नावं पुकारली, एकामागोमाग एक, बावीस वर्षांपूर्वी पुकारली होती तशीच. सगळं झालं आणि ते जोडपं पेढे आणायला गेलं. आम्ही दोघी बाकावर. मला अगदी मोकळं वाटत होतं. भांडण जिंकल्यासारखं.

ती पदरानं अंगठ्याची शाई पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "मला वाटलं होतं, तू ठेवशील."

"कशाला ठेवू? तू तर चाललीस."

"म्हणून तर." ती शाईच पुसत राहिली. "चौपन्नाव्या वर्षी परक्या माणसाच्या घरात चाललेय, अक्का. मला भीती नसंल काय? रोज झोपताना मनाला सांगायची, कागदावर कुणाचंही नाव असू दे, अर्धं घर माझं हाय सोलापुरात. भांडण झालं, नाही जमलं, तर बॅग उचलायची आणि यायचं. कुणाला विचारायला नको, कुणाचे उपकार नकोत. अक्का दार उघडंल." मग माझ्याकडं बघितलं. "आता भांडण झालं तर मी कुटं येऊ?"

मी म्हटलं, "दुधनीचं घर तुझ्याच नावावर होणार आहे की."

"स्वतःच्या नावावरचं घर सोडून कुटं जाता येतं व्हय?" ती म्हणाली. "जायला दुसरं लागतं."

पेढे आले. मी एक घेतला आणि तसाच रुमालात बांधून ठेवला. तिनं मला घर बक्षीस देऊ केलं होतं, मालकी तशीच ठेवू म्हणाली होती, तीन वेळा नक्की ना विचारलं होतं. दर वेळी ती परत यायची वाट उघडी ठेवत होती, आणि मी दर वेळी ती बंद करत होते, कारण मला वाटत होतं ती वाट त्याची आहे. घर माझंही होतं, तिचंही होतं. मी एकटीनं दोघींचं विकलं. तिथल्या तिथं त्या पोरीचे पाय धरावेत, पैसे परत घे म्हणावं, असं वाटलं. पण ती नवऱ्याला विचारत होती, किल्ली कोण ठेवणार.

लग्न कोर्टात झालं. मी साक्षीदार म्हणून सही केली, चांगली ठसठशीत, खाली रेघ मारून. तो म्हणाला, "अक्का, या हं." मी म्हटलं, "येईन."

त्याआधी मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी आता घर-बिर घेणार नाही. भाड्यानं एक खोली बघीन आणि टॅक्स भरून मोकळी होईन, सरकारचं काय असेल ते सरकारला. लग्नानंतर चार महिने मी खरंच एका खोलीत काढले. मग एक दिवस उठले आणि होटगी रोडला फ्लॅट बघायला गेले. आधी एका बेडरूमचा दाखवला. नीटस होता, स्वस्त होता. मी म्हटलं, दोन बेडरूमचा दाखवा. पैसे कमी पडत होते, दागिने मोडले.

कागद घेऊन सीएकडं गेले. ती म्हणाली, "बाई, एकटीला दोन बेडरूम कशाला?"

"टॅक्स वाचतो."

तिनं आकडे बघितले. "तेवढा नफा तर एका बेडरूमच्या घरातही बसला असता, बाई. पूर्ण माफ झाला असता."

"तू नववीतही आगाऊच होतीस," मी म्हटलं. तिनं शिक्का मारून फाइल दिली.

घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. दुसऱ्या बेडरूममध्ये खाट टाकली, जोरात फिरणारा पंखा बसवला, कपाटाचे दोन खण रिकामे ठेवले. तिला काही सांगितलं नाही. सांगायचं काय? की बाई, तुझं भांडण होईल म्हणून मी खोली मांडून बसले आहे? पण ती पहिल्यांदा आली त्याच दिवशी तिला कळलं. दारात उभी राहून तिनं खाट बघितली, पंखा बघितला, रिकामे खण उघडून बघितले आणि परत लावले. माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली, कडाकडा.

आता दर महिन्याला ती येते, गुडघ्याच्या डॉक्टरांकडं. एकटी नाही, दोघं येतात. सकाळच्या गाडीनं दुधनीहून निघतात, संध्याकाळी परत. येताना डाळ आणतात. जेवणं झाली की आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून चहा करतो, आणि तो म्हणतो, "अक्का, जरा आडवा होतो." त्या खाटेवर आजवर झोपलेला माणूस एकच, तो. पंखा दोनवर करून, अर्धा तास, मजेत घोरत. चांगला माणूस आहे. देव करो आणि त्याला सर्दी होवो.

निघताना तो चपला घालायला पुढं जातो तेवढ्यात मी तिला दारात धरते. "काय गं, भांडलात का?"

ती हसते. "न्हाय की, अक्का."

"जरासं पण नाही?"

"जरासं पण न्हाय."

"बरं झालं," मी म्हणते. ते जिना उतरेपर्यंत दारात उभी राहते. मग आत येऊन त्या खाटेवरची चादर ओढते, धुवायला टाकते आणि तिच्यासाठी स्वच्छ दुसरी घालते.